पुलावरची मोजणी

पुलावरचा सायकल ट्रॅक ठेवायचा की आराखड्यातून काढायचा, हे आज ठरणार होतं. ट्रॅकचं रेखाटन तिचं होतं. शहर अभियंत्यांनी मोजणीचा तक्ता तिच्यापुढे सरकवला.

"सकाळी सात ते अकरा. सायकली शून्य. आता ट्रॅक काय भुतांसाठी बांधू?"

तिने तक्ता शेवटपर्यंत वाचला. "आणि पादचारी चारशे बारा? पुलाच्या दोन्ही टोकांना लांबवर वस्ती नाही, साहेब. इतके लोक चालत कुठून आले?"

मोजणी करणारा कर्मचारी दारातच उभा होता. तो घुटमळला. "मॅडम, ते सायकल हातात धरून चालत होते. पुलावर ट्रक अंगावर येतात, म्हणून सगळे उतरतात. चालेल तो पादचारी, असं फॉर्मवर लिहिलंय."

साहेब हसले. "म्हणजे त्यांचं भागतंय की! मग काढून टाकू या."

"उद्या पुन्हा मोजा."

"अहो, एका दिवसात काय बदलणार आहे?"

"त्या चारशे बारांत मीही होते," ती म्हणाली. "रोज सोबत चालून ओळखी झाल्यात आमच्या. उद्या कोणीच उतरणार नाही."