पाव फेरा

"गफ्फारभाऊ, याची चाबी हरवली. दुसरी करून द्या," असं म्हणत मैनाबाईनं पदराची गाठ सोडली आणि लेकीच्या तोंडातली पट्टी त्याच्यापुढे धरली.

गफ्फार पांढरकवड्याच्या सडकेवरचा ट्रकमिस्त्री. त्यानं रॉकेलनं हात धुतले, फडक्याला पुसले आणि ती गुलाबी पट्टी उजेडात नेली. टाळूला बसणारी, दोन तुकड्यांची. मधोमध मुगाएवढा स्क्रू.

"अरे, हे तं नखायेवढं जॅक हाये!"

"जॅकच समजा. माह्या भागीची टाळू अरुंद हाये. हे तिले हळूहळू रुंद करते."

अकरा वर्षांची भागीरथा आईला खेटून उभी होती, तोंड उघडं टाकून. झोपेतही ते उघडंच. सकाळी घसा कोरडा, जेवताना धाप, शाळेत डुलक्या. शेजारणी म्हणायच्या, पुढे आलेल्या दातांपायी नागपूरचे हेलपाटे? चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! मैनाबाई ऐकून घ्यायची आणि पुढच्या तारखेला पुन्हा बसमध्ये चढायची.

डॉक्टरनं बजावलं होतं, दर सोमवारी पाव फेरा. एकही सोमवार चुकवायचा नाही. आणि रोज ओठांत कागद धरून, नाकानं श्वास घेत शंभर आकडे मोजायचे. पोरगी तोंड मिटायला शिकली नाही, तर नुसते दात सरळ करून काय उपयोग? भागीरथा चाळिसाच्या पुढे कधी गेली नव्हती. आज सोमवार होता.

गफ्फारनं सायकलचा आरा तोडला, टोक कानशीनं घासलं, वाकवलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या वेळी ते स्क्रूच्या भोकात बसलं.

"बाई, पुरा फेराच देऊन टाकू का? लवकर मोकळं होईन."

मैनाबाईनं त्याचं मनगटच धरलं. "पाव म्हंजे पाव. टरक नोहे, माही पोरगी हाये."

परक्या माणसाचा हात धरलाय, हे तिच्या नंतर ध्यानात आलं. गफ्फार मात्र पाव फेरा देऊन थांबला.

भागीरथानं पट्टी धुऊन तोंडात बसवली. डोळ्यांत पाणी आलं. "दाटते व माय."

"दाटू दे," मैनाबाई म्हणाली. तिनं नवी चाबी पदराच्या गाठीत बांधली.

केळापूरच्या बसमध्ये बसल्याबरोबर भागीरथानं स्वतःहून तिकीट ओठांत धरलं. मैनाबाईला मोजणं विसापर्यंतच येई. एक वीस झाले की ती एक बोट मिटायची. पाच बोटं म्हणजे शंभर. एक बोट मिटलं. दोन मिटली. पोरीचे कान लाल झाले, नाकपुड्या फुलल्या, पण तिकीट हललं नाही. तिसरं बोट मिटलं. चौथंही मिटलं.

तेवढ्यात तिकीट तपासणारा साहेब चढला.

"तेरा," मैनाबाई मोजत होती.

"ए पोरी, तिकीट दाखव."

मैनाबाईनं मिटलेल्या बोटांचा हात त्याच्यापुढे आडवा धरला.

"थांबा जराशे, सायेब. सात राह्यले."

भागीरथानं साहेबाकडे पाहिलं. ओठ घट्ट होते. नाकातून श्वासाची बारीक शीळ येत होती.

"चौदा," मैनाबाई म्हणाली.