मॅडम म्हणतील ते

“गोळी नाही देणार म्हणजे नाही देणार,” प्रेमानंद म्हणाला आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्याने भैरवी मॅडमच्या टेबलावर ठेवली. “मॅडम, तुम्हीच सांगा इले. तुम्ही म्हणाल ते आम्हा दोघांले मान्य.”

शनिवारची शाळा सुटली होती. पाचवीच्या रिकाम्या वर्गात त्याची बायको नंदिनी पहिल्या बाकावर अंग चोरून बसली होती. चिठ्ठी बारा दिवस तिच्या पर्समध्ये पडून होती. वर एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असं लिहिलं होतं, खाली गोळीचं नाव. त्यांची मुलगी गोपिका मैदानात खेळत होती. मागच्या आठवड्यात मधल्या सुटीत ती फाटकाबाहेर धावली होती आणि एका ई-रिक्षावाल्याने कसाबसा ब्रेक लावला होता. का पळाली, ते तिलाही सांगता आलं नव्हतं.

“डॉक्टरांनी नीट समजावलं, मॅडम,” नंदिनी म्हणाली. “एक गोळी लगेच काम करते, पण भूक कमी होते. दुसरी हळू चालते, महिना-दीड महिना लागतो. पहिले ही लगेचवाली देऊन पाहू म्हणाले, नाही मानवली तर बदलू. घरी कसं वागायचं तेही शिकवतात. हे आलेच नाही ऐकायले.”

“निघालो होतो ना वं.”

निघाला होता, हे खरं. प्रेमानंद कूलर दुरुस्त करायचा. त्या दिवशी वाटेत एका ओळखीच्याने पंप बघायला बोलावलं. त्याने पंप खोलला. दवाखान्याची आठवण झाली तेव्हा दवाखाना बंद झाला होता. कूलरच्या आधी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, त्याआधी मंडपाचं काम, त्याआधी कळमन्याच्या बाजारात फळांच्या गाडीवर ड्रायव्हरी. हातात कला होती. टिकलं काहीच नव्हतं.

“मी बी लहानपणी असाच होतो,” तो म्हणाला. “मास्तर मारायचे. आठवीत शाळा सोडली. काय बिघडलं माझं?”

नंदिनीने खिडकीबाहेर पाहिलं.

“गोळ्या खाऊन पोरगी सुन्न होऊन जाईन, मॅडम. अशा पोरीचं पुढं काय होणार? कोण काम देईन तिले?”

भैरवी मॅडमना या शाळेत सात वर्षं झाली होती. त्या फाटकातून आत आल्या की शिपाई घंटेकडे निघायचा. त्यांचे पेपर सगळ्यांच्या आधी तपासून व्हायचे. त्या उठल्या, वर्गाचं दार लोटलं आणि नंदिनीच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या.

“गोळी द्यायची की नाही, कोणती द्यायची, ते डॉक्टर सांगतील. मी शिक्षिका आहे. पण पुढे काय होतं, ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मी तीच गोळी घेते. आठ वर्षं झाली. रोज सकाळी, नाश्ता झाल्यावर.”

दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले.

“आधीच्या शाळेने मला काढलं होतं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बसमध्ये विसरले. तो काही पहिला नव्हता. इथे हे कोणाला माहीत नाही.”

“सुन्न तर नाही झाल्या तुम्ही,” प्रेमानंद हळूच म्हणाला.

“नाही. सुरुवातीला जेवण जायचं नाही. डॉक्टरांनी गोळी कमी केली, मग जमलं.”

“काय फरक पडते मग?”

मॅडमनी थोडा विचार केला. “आधी सगळं एकदम ऐकू यायचं. पंखा, रस्ता, मुलं, माझंच डोकं. आता समोरचा माणूस ऐकू येतो.”

प्रेमानंद टेबलाकडे वळला. त्याने चिठ्ठी उचलली, घडी घातली आणि नंदिनीच्या हातात दिली.

“जाताना घेऊन टाकू,” तो म्हणाला. “तूच ठेव. मी हरवीन.”

चिठ्ठी पर्समध्ये ठेवून नंदिनी गोपिकाला हाक मारायला बाहेर गेली. प्रेमानंद दारापर्यंत गेला आणि थांबला.

“मॅडम, तुम्ही सुरू केली तेव्हा वय काय होतं तुमचं?”

“त्रेचाळीस.”

त्याने बाहेर, मैदानाकडे पाहिलं.

“मले आता एकेचाळीसावं लागलं,” तो म्हणाला.