उजेडातला रंग

ऑपरेशनला पाच दिवस झाले होते. बाळाच्या जन्मतःच बंद असलेल्या पित्तनलिका काढून सर्जनने आतडंच यकृताला जोडलं होतं. पित्त वाहू लागलं, तर यकृत वाचणार होतं आणि खडूसारखी पांढरी शी रंग धरणार होती. सकाळी आईने लंगोट सोडला आणि ती ओरडलीच, "अहो, पिवळी!" बाप रंगाच्या दुकानात छटा जुळवून द्यायचा. "थांब गं, बल्बखाली पांढरंही पिवळं दिसतं," म्हणत तो लंगोट घेऊन खिडकीकडे धावला. "बोला की! जीव टांगणीला लागलाय माझा!" "पिवळी नाही." त्याचा आवाज चढला. "हिरवी! चक्क हिरवी! पित्तच आहे!" नर्स डॉक्टरांना बोलवायला पळाली. शेजारच्या खाटेवरच्या बाळाचं हेच ऑपरेशन उद्या होतं. त्याची आजी लगबगीने खिडकीशी आली. "मला नीट बघू दे रे," ती वाकून म्हणाली, "परवापासून मलाही हाच रंग शोधायचाय."