डावं-उजवं

विन्सेंटनं जर्मन रायफल पुन्हा खांद्याला लावली आणि दुकानाच्या भिंतीवरच्या सांबराच्या मुंडक्यावर नेम धरला. पुन्हा तेच. रायफलीवरच्या दुर्बिणीत अर्धं सांबर, अर्धा काळोख. त्यानं मान वाकडी केली, सरळ केली, डोळे मिचकावले. मग ती खाली ठेवून शेजारची इंग्लिश उचलली. तिच्यातही सांबर काही धड दिसेना.

डँडेनॉन्गच्या त्या दुकानात सकाळपासून हेच चाललं होतं. मालक केन बिचारा सोशिक माणूस. आपल्याकडच्या सगळ्यात उंची दोन रायफली त्यानं लेकींसारख्या कौतुकानं काउंटरवर मांडल्या होत्या. चालवायची तऱ्हा दोन्हींची एकच: एक गोळी झाडली की बोल्टचा दांडा उजव्या हातानं मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, की दुसरी तयार. जर्मनचा बोल्ट नुसत्या बोटानं सरकायचा. इंग्लिशचं अक्रोडाचं लाकूड असं, की गाल टेकला की काढवत नव्हता. दोन्हींत डावं-उजवं करणं भल्याभल्यांना जमलं नसतं. विन्सेंट तर आधीच गोंधळून गेला होता.

या गोंधळाचं मूळ मागच्या हिवाळ्यातलं. कारखान्यातल्या दोस्तांबरोबर तो गिप्सलँडच्या डोंगरात शिकारीला गेला होता. सांबर तसं आपल्याकडचंच, इंग्रजांनी कधीकाळी इकडे आणून सोडलेलं. समोर मादी आली. विन्सेंटची गोळी तिच्या पोटात लागली आणि ती तशीच पळाली. रक्ताच्या मागानं सगळे दिवस मावळेपर्यंत हिंडले. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी गोळी घालून तिला वेदनेतून सोडवलं. घरी येऊन विन्सेंट जेवला नाही. त्यानं बायकोला, कार्मेलला, सांगून टाकलं, की आता चांगल्यातली चांगली रायफल बघतो. तीही हातात बसली नाही तर हा नाद कायमचा सोडतो. पण सोडणं सोपं नव्हतं. वसई सोडून या परक्या देशात येऊन इतकी वर्षं झाली, पण त्या डोंगरात, त्या शेकोटीपाशीच तो पहिल्यांदा मोकळा हसला होता.

दोष कुठे आहे ते काही केल्या कळत नव्हतं. डॉक्टरनं डोळे उत्तम म्हणून सांगितले होते. त्याचीच जुनी रायफल घेऊन दोस्त अचूक नेम मारायचे. मग घोडं पेंड कुठे खात होतं?

"लेफ्ट आय शट, मेट," केन म्हणाला.

विन्सेंटनं डावा डोळा मिटला. त्याच्याबरोबर उजवाही मिटला. हेही नेहमीचंच.

कोपऱ्यातल्या स्टुलावर पप्पा बसले होते. एलायस मास्तर. वसईच्या शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळून निवृत्त झालेले आणि आता चार दिवस मुलाकडे राहायला आलेले. बंदुकीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मांडीवर टोपी ठेवून ते मुलाची धडपड बघत होते.

"पप्पा, तुम्हीच सांगा. कुठली घेऊ?"

"मला काय कळतंय त्यातलं? मला तर दोन्ही सारख्याच दिसतात. एवढं काय डावं-उजवं करत बसलायस..."

बोलता बोलता पप्पांची नजर मुलाच्या हातांकडे गेली.

केनला एक वाजता दुकान बंद करायचं होतं. शनिवारी त्यानंतर सगळ्या रस्त्यावर चिटपाखरू नसे. तरी तो "नो वरीज" म्हणाला आणि दुर्बीण पुसायला फडक्याची गुंडाळी विन्सेंटकडे फेकली. विन्सेंटचं सगळं लक्ष सांबराकडे. तरीही गुंडाळी त्यानं अलगद झेलली. डाव्या हातात. झेलली आणि लगेच उजव्या हातात घेतली.

पप्पा उठले. काउंटरशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. विन्सेंटला वाटलं, म्हातारा माणूस, दमला असेल. पण पप्पांनी केनला आपल्या शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत विचारलं, की डावखुऱ्या माणसासाठी वेगळी बंदूक मिळते का.

"मिळते की," म्हणत केन आत गेला आणि एक रायफल घेऊन आला. दिसायला साधी. ना ते लाकूड, ना ती झळाळी. बोल्टचा दांडा मात्र डाव्या अंगाला. "हूज द लेफ्टी?" त्यानं विचारलं.

विन्सेंटनं मागे वळून बघितलं. दुकानात दुसरं कुणीच नव्हतं.

"पप्पा, ही डावऱ्यांची आहे. माझा सगळा कारभार उजव्या हाताचा."

"डाव्या खांद्याला लाव."

"अहो, पण..."

"लाव म्हणतो ना."

आवाज मास्तरांचा होता. त्या आवाजापुढे विन्सेंट अजूनही सहा वर्षांचाच व्हायचा. काही न समजता त्यानं रायफल डाव्या खांद्याला लावली. उजवा डोळा आपोआप मिटला. डावा हात आपसूक बोल्टवर गेला. दुर्बिणीत सांबर होतं, अख्खं, शिंगांच्या टोकापासून हनुवटीखालच्या केसांपर्यंत, आणि ते जागचं हलत नव्हतं.

त्यानं डाव्या हातानं बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला. मग रायफल खाली घेऊन त्यानं वडिलांकडे बघितलं.

"पप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

पप्पा त्याचं डावं मनगट हातात घेऊन अंगठ्यानं हळूहळू चोळायला लागले, गाठ नुकतीच सोडल्यासारखं.

"तुला आठवत नसेल, विन्सू. पहिलीत वर्षभर हा हात मी रुमालानं तुझ्या पाठीशी बांधून ठेवायचो."