कोठडीतली पातेली

जेवायला बसलेल्या दामूशेठने साप्ताहिकाचा ताजा अंक जमिनीवर आपटला. "माझं मीठ खाऊन हे लिहितोय तरी कोण?"

त्यात क्रमशः येणाऱ्या कादंबरीने त्याच्या वीटभट्टीची लक्तरं वेशीवर टांगली होती. उचल फिटायच्या आत मजुरांनी पळू नये म्हणून मालक रोज संध्याकाळी त्यांची पातेली काढून घेतो आणि घरच्या कोठडीत टाकून कुलूप घालतो, हे आता तालुकाभर झालं होतं. गिऱ्हाइकं त्याच्या विटा घेईनात. न्हावीसुद्धा दाढी करता करता विचारायचा, "काय शेठ, आज किती पातेली कोंडलीत?"

टोपणनावामागे कोण दडलंय ते कळत नव्हतं. नुसत्या संशयावरून त्याने आधी मुनीमाला हाकललं, मग मुकादमाला.

पण या अंकातली एक ओळ त्याच्या डोक्यातून जाईना. पातेल्यांच्या बुडाशी म्हणे नखांच्या रेघा होत्या, पोरांनी करपलेला भात खरवडून खाल्ल्याच्या. मुनीम तर कोठडीकडे कधी फिरकलाच नव्हता. मुकादम पोत्यात भरलेली पातेली दारातच टाकून जायचा. आत नेऊन ती रचायची दामूशेठची स्वतःची बायको, यमुना.

त्याने सावकाश मान वर केली. चूल थंड होती. फळीवर साधी वाटीसुद्धा नव्हती.

"आपली भांडी कुठायत?"

"कोठडीत," यमुना म्हणाली. "भट्टीवरच्यांची त्यांना देऊन आले."

किल्ली कमरेला खोचून तिने दौत पुढे ओढली.

"बसा तुम्ही. शेवटचं प्रकरण तेवढं पुरं करते."