शेवटच्या बाकावरचा आत्मा

"आमेन," म्हणून पाटोळे मास्तरांनी डोळे उघडले, तर कंबोडियातल्या त्या गावचं सभागृह शेवटचा बाक सोडला तर नेहमीसारखं रिकामं. फुकट इंग्रजीच्या तासाला बत्तीस डोकी, प्रार्थना सुरू झाली की सगळी चपला शोधायला बाहेर. नगरच्या चर्चनं मास्तरांना आत्मे जिंकायला धाडलं होतं. नाताळपर्यंत एकही मिळाला नाही तर परतीचं तिकीट ठरलेलं.

प्रार्थना त्यांनी तासाच्या आधी घेतली, तर विद्यार्थी उशिरा येऊ लागले. मधोमध घेतली, तर सगळ्यांना एकदम चहा आठवला.

सोफान आजी तेवढ्या रोज शेवटच्या बाकावर शेवटपर्यंत मान खाली घालून बसत. मास्तरांनी नगरला कळवलं, 'एक आत्मा जवळजवळ आपला झाला.' उलट टपाली उत्तर आलं, 'जवळजवळ म्हणजे काय?'

दुसऱ्या दिवशी त्यांनी तासाला येणाऱ्या शिंपीणबाईंना चपला घालता घालता अडवलं. "आजींना विचारा, प्रार्थनेत त्यांना काय मिळतं?"

शिंपीणबाईंनी विचारलं आणि मास्तरांनीच शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे असते. तुमचं आटोपल्याशिवाय कुलूप लावता येत नाही. घरी डुकरं उपाशी ओरडतात."

"मग आधी बोलल्या का नाहीत?"

"तुमचे डोळे मिटलेले असतात, म्हणाल्या."

आजींनी कमरेची किल्ली सोडून मास्तरांच्या तळहातावर ठेवली आणि त्या डुकरांकडे निघाल्या.

मास्तरांनी अहवालात एकच वाक्य लिहिलं, तेही खरं: 'आजींनी सभागृहाची किल्ली स्वखुशीनं माझ्या हाती दिली.' नगरच्या मंडळींनी उभं राहून स्तोत्र म्हटलं आणि परतीचं तिकीट रद्द केलं.