दोघांचा वाढदिवस

ललितचा तेविसावा वाढदिवस होता. त्याचा जुळा भाऊ ओम अपघातात गेल्यापासून घरात हा दिवस कुणी साजरा करत नव्हतं. ललित हसला की आई गुपचूप उठून शेवंतीच्या मळ्यात निघून जायची, म्हणून त्यानं घरात हसणंच सोडलं होतं. एखादा विनोदी सिनेमा लागला की तो एकटाच नाशकात जायचा आणि थिएटरच्या अंधारात पोटभर हसून यायचा.

आज तो निघाला, तर आई पायात चपला घालून दारात उभी.

"मी बी येते," ती म्हणाली.

थिएटरात लोक खदाखदा हसत होते. ललित मात्र ओठ घट्ट दाबून बसला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, आई सिनेमा बघतच नव्हती. पडद्याच्या उजेडात ती एकटक त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

"काय झालं, आई? घरी जायचं का?"

तिनं नकारार्थी मान हलवली आणि त्याचा हात घट्ट धरला.

"तू हस ना रे," ती म्हणाली. "लय दिवस झाले, ओमला हसताना बघितलं नाय."